फरदड

डिसेंबर सरत आला की आमच्या गावात एकच प्रश्न फिरतो. पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीवर, कृषी केंद्राच्या पायरीवर. ‘पऱ्हाटी उपटता का ठेवता?’

कापसाच्या मुलखाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. दोन-तीन वेचण्या होऊन गेलेल्या असतात. झाड, म्हणजे पऱ्हाटी, थकलेलं दिसतं, पानं लालसर पडलेली, पण शेंड्याकडे पाच-सात हिरवी बोंडं अजून धरून असतात. विहिरीला पाणी असलं की मन चळतं. एक पाणी द्यायचं, युरियाची एक बॅग फेकायची, की झाड पुन्हा पालवतं, पात्या धरतं आणि मार्चपर्यंत आणखी एक वेचणी हाती येते. बियाणं नाही, पेरणी नाही, डवरणी नाही. या मागाहूनच्या पिकाला फरदड म्हणतात. धागा आखूड येतो, भाव पडून मिळतो, पण आला तो कापूस आपलाच. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की फरदड घेऊ नका, वेळेत शेत रिकामं करा. शेतकरी दरवर्षी मान डोलावतो आणि रात्रीच्या लाइनीत मोटर सुरू करतो.

यंदा हा प्रश्न माझ्या घरी सिनेमातून आला.

मुलगी नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिनं फोनवर ‘स्टार वॉर्स’ या अंतराळातल्या लढायांच्या अमेरिकी मालिकेचे नऊच्या नऊ सिनेमे पाहून संपवले. सपरीत बसून मी हरभऱ्याच्या बियाण्याला औषध चोळत होतो. ती म्हणाली, ‘‘बाबा, हे एवढे भाग काऊन काढले असतीन यायनं?’’ मी हात न थांबवता उत्तर दिलं, ‘‘पहिले तीन खरे. बाकी सगळी फरदड.’’

बोलायला सोपं होतं. पोरगी शेतकऱ्याची, तिनं लगेच पकडलं. ‘‘मंग आपन काऊन घेतो फरदड?’’

आता आम्ही फरदड घेतो ही खोटी गोष्ट आहे. घ्यायचो. शेवटची घेतली ती 2017 च्या मार्चमध्ये. त्या वर्षी आमचं शेत, शेजाऱ्याचं शेत, नाल्यापलीकडचं शेत, सगळीकडे पऱ्हाटी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभी होती. नवीन लागवड झाली, पाऊस बरा झाला, आणि पोळ्याच्या सुमारास मी वाफ्यात उभा राहून पहिल्यांदा डोमकळी हातात घेतली. लांबून पाहाल तर फूलच. पिवळसर, टपोरं. फक्त ते उमललेलं नसतं. पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून गुंडाळलेली, जणू कोणी आतून दोऱ्यानं शिवून टाकलीत. नखानं ते उघडलं की आत परागात तोंड खुपसून बसलेली एवढीशी अळी. गुलाबी बोंडअळी. त्या हंगामात अर्ध्या विदर्भाच्या बोंडांची कवडी झाली हे पेपरात आलंच. अळीला वर्षभर खायला मिळालं ते आम्हीच ठेवलेल्या उभ्या पऱ्हाटीमुळे, हे कारण एकटं नसलं तरी त्यात होतं. तेव्हापासून मी वेळेत पऱ्हाटी उपटायचा चिमटा घेऊन शेतात उतरतो.

त्यामुळे फरदड हा शब्द माझ्या तोंडी शिवीसारखा येतो. आणि पुढचे भाग म्हटले की मला डोमकळीच दिसते. रंग फुलाचा, आकार फुलाचा, उमलणं तेवढं नाही.

पण त्या रात्री झोप येईना. रानडुकरं हाकलायला गेलेला शेजारी डबा बडवत होता, आणि मला वाटायला लागलं की आपण पोरीला फेकून दिलेलं उत्तर दिलं. कारण ‘पहिले तीन खरे’ म्हणताना मीच दोन पुढचे भाग खऱ्यात धरले होते.

मूळ सिनेमा 1977 चा. तेव्हा त्याला ‘भाग चौथा’ वगैरे काही म्हणत नव्हते. ती पाटी 1981 मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा चढली. पहिल्या सिनेमात एका शेतकरी घरातला पोरगा आहे (हो, शेतकरीच, त्याचा काका वाळवंटातल्या हवेतून पाणी काढायची शेती करतो, आमच्याकडल्या कितीतरी काकांना हे जमलं असतं तर बरं झालं असतं), एक राजकन्या आहे, एक म्हातारा गुरू आणि एक काळ्या मुखवट्याचा राक्षस. राक्षसाच्या मालकाचा गोल किल्ला फुटतो, पोराच्या गळ्यात पदक पडतं, संपलं. गोष्ट तिथं मिटवता आली असती. ज्या एका वाक्यासाठी जग या सिनेमाला ओळखतं, की तो राक्षस हाच त्या पोराचा बाप, ते वाक्य पहिल्या सिनेमात कुठंच नाही. ते आलं 1980 च्या दुसऱ्या भागात.

आणि तिथंही ते सहज आलेलं नाही. पहिला सिनेमा लिहिणाऱ्या आणि दिग्दर्शित करणाऱ्या जॉर्ज लुकसनं दुसऱ्या भागाची पटकथा लिहायला ली ब्रॅकेट या बाईंना दिली. विज्ञानकथा लिहिणाऱ्या, हॉवर्ड हॉक्स या हॉलिवूडच्या दिग्दर्शकाच्या सिनेमांवर काम केलेल्या, वयानं साठीला टेकलेल्या. त्यांनी 1978 च्या फेब्रुवारीत पहिला खर्डा दिला आणि मार्चमध्ये कर्करोगानं गेल्या. त्या खर्ड्यात पोराचा बाप वेगळाच आहे, भूत होऊन येतो आणि पोराशी बोलतो. राक्षस तो राक्षसच. लुकस पुन्हा लिहायला बसला तेव्हा दोन्ही एक झाले. मग लॉरेन्स कॅस्डन आला, त्यानं संवाद घासूनपुसून घेतले. दिग्दर्शन लुकसनं केलंच नाही. ते दिलं अर्विन कर्शनरला, जो एकेकाळी त्याला शिकवायला होता. आपल्या मास्तरला बोलावून ‘माझ्या सिनेमाचा दुसरा भाग तुम्ही करा’ म्हणणं, वर त्या सिनेमासाठी स्वतः कर्ज काढणं, याला जिगर लागते. आमच्याकडे माणूस आपली बंडीसुद्धा दुसऱ्याला जुंपू देत नाही.

म्हणजे ज्याला आज महागाथा म्हणतात ती पुढच्या भागानं तयार झाली. पहिला सिनेमा नुसता झकास सिनेमा होता.

हे मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मंग फरदड नाही ना ते?’’ मी म्हटलं, ‘‘नाही. तिथं नवीन पेरा केला होता.’’ आणि पेरायला माणसंही नवीन आणली होती.

माणसांवरून सांगतो. त्या मुखवटेवाल्या डार्थ व्हेडरचंच घ्या. गोष्ट लुकसची. पण मुखवटा आला राल्फ मॅक्वारी या चित्रकारामुळे. हा माणूस आधी बोइंग कंपनीसाठी विमानांची चित्रं काढायचा. पटकथेत व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात पोकळीतून येणार होता, तर मग तो श्वास कशानं घेईल, असा प्रश्न मॅक्वारीला पडला आणि त्यानं चित्रात तोंडावर श्वासाचं यंत्र चढवलं. पुढं ते यंत्रच चेहरा होऊन बसलं. कपडे जॉन मोलोनं केले. त्या कपड्यांत होता डेव्हिड प्राऊझ, साडेसहा फुटी, वजनं उचलणारा इंग्रज गडी. त्याचा हेल मात्र इंग्लंडच्या पश्चिमेकडचा, खेड्यातला. राक्षस आमच्या पूर्व विदर्भातल्या अस्सल झाडीबोलीत धमक्या देऊ लागला तर मुंबईच्या प्रेक्षकाचं जे होईल ते तिथं झालं असतं. म्हणून आवाज घातला जेम्स अर्ल जोन्सचा. आणि तो जो घरघर श्वास आहे, तो बेन बर्ट नावाच्या पोराचा. पाणबुडे तोंडाला लावतात त्या नळीत बारकासा माइक बसवून त्यानं स्वतः श्वास घेतला. पुढच्या दोन भागांत तलवार फिरवायला बॉब अँडरसन हा तलवारबाजीचा उस्ताद. तिसऱ्या भागाच्या शेवटी मुखवटा काढला तर आतून तिसराच चेहरा, सेबॅस्टियन शॉचा.

एक माणूस उभा करायला एवढी माणसं. सुतारानं चाक कितीही सुबक केलं तरी लोहारानं धाव चढवल्याशिवाय बंडी रस्त्याला लागत नाही.

यातला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो बेन बर्ट. लेझर बंदुकीचा आवाज त्यानं कसा काढला माहीत आहे? रेडिओच्या उंच मनोऱ्याला ताण द्यायला तारा असतात, त्यातल्या एका तारेवर हातोडी मारून. हे वाचलं तेव्हा मी जागेवरून उठलो. आमच्या शेतात डीपीजवळ खांबाला तशीच ताणाची तार आहे. लहानपणी आम्ही त्या तारेवर लांबून दगड मारायचो आणि कान टवकारायचो. आवाज आधी बारीक, मग एकदम वर चढतो आणि विरतो: प्यूंऽऽव. त्यासाठी घरच्यांचा मारही खाल्लाय, कारण खांब म्हणजे खांब. म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वी, बातमी नसताना, आमच्या धुऱ्यावर स्टार वॉर्सची लढाई चालू होती. आणि प्रकाशाच्या तलवारीची जी गुणगुण आहे ती जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची, तिच्यात टीव्हीच्या नळीची कुरकुर मिसळलेली. टुरिंग टॉकीजच्या तंबूत प्रोजेक्टरजवळची जागा धरून ज्यानं सिनेमे पाहिलेत त्याला ती गुणगुण पोटातून ओळखू येईल.

1978 च्या एप्रिलमध्ये ऑस्कर वाटले गेले तेव्हा या सिनेमाला स्पर्धेतले सहा मिळाले. संगीताचा जॉन विल्यम्सला, संकलनाचा तिघांना मिळून, ज्यात लुकसची तेव्हाची बायको मार्सिया होती. शेवटची ती श्वास रोखायला लावणारी लढाई तिच्या कात्रीखालून गेलेली. बर्टला वेगळा खास पुरस्कार मिळाला. लुकसचं नाव दिग्दर्शनासाठीही होतं आणि पटकथेसाठीही. त्याच्या हाती एकही आला नाही. मला यात अन्याय दिसत नाही. मला त्यात त्या सिनेमाचा हिशेब दिसतो.

जेम्स अर्ल जोन्सबद्दल एक राहिलं. पहिल्या दोन सिनेमांत त्याचं नाव पडद्यावर नाही. त्यानंच नको म्हटलं. मला त्याच्यावरून माझा मामा आठवतो.

माझं आजोळ ब्रह्मपुरीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. आमच्या वरोऱ्याकडे काळी माती आणि कापूस, तिकडे बांध्या आणि धान. जिल्हा एकच, पण दुनिया वेगळी. दिवाळी झाली की तिकडे झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. वडसा, कागदावर ज्याला देसाईगंज म्हणतात, तिथून कंपन्या निघतात आणि रोज वेगळ्या गावात रात्रभर नाटक करतात. गावात शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत असली, मंडई म्हणजे जत्रा असली, की रात्री नाटक हवंच. एकेका गावात एकाच रात्री दोन-दोन नाटकं, दोन्हींना गर्दी. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या आजोळी पेढे वाटले गेले, जणू घरातलंच कोणी.

मामा प्रॉम्प्टर होता. विंगेत पोत्यावर बसायचा, मांडीवर चोपडी, हातात टॉर्च. टॉर्चच्या काचेवर कागद डकवलेला, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. नट आज इथं तर उद्या तिथं, तालमी कमी, त्यामुळे अर्धं नाटक मामाच्या ओठांवर चालायचं. जाहिरातीच्या गाडीवर लेखकाचं नाव, नायकाचं नाव, नटीचं नाव. मामाचं कधी नव्हतं.

मी बाराएक वर्षांचा असताना एका नाटकानं त्या भागात धुमाकूळ घातला. नाव घेत नाही, कंपनीचंही नाही. सावकार, त्यानं नाडलेलं कुटुंब, पहाटे पाचला सावकार मरतो. सगळी नाटकं अशीच असायची. पण यातला सावकाराचा गडी! तो नट चोपडीतलं एक वाक्य धड बोलायचा नाही. गावात दुपारी पोचला की चहाच्या टपरीवर बसून माहिती काढायचा: सरपंचाचा बैल पटात का हरला, कोणाची कोंबडी कोणी खाल्ली. रात्री ते सगळं सावकाराच्या वाड्यात यायचं. लोक लोळायचे. मामाची पंचाईत अशी की चोपडी एकीकडे आणि नाटक दुसरीकडे. म्हणून तो समासात पेन्सिलीनं ते सगळं टिपून घ्यायला लागला. हंगाम संपेपर्यंत समास शाईच्या मजकुरापेक्षा भरलेला. ती चोपडी मी पाहिली आहे. पानं तेलकट, कोपऱ्याला मेणबत्तीचा डाग, आणि पेन्सिलीत मध्येच ‘इथं थांबतो, खाजवतो’ असंही लिहिलेलं.

पुढल्या वर्षी ‘भाग दुसरा’ आला. गाडी ओरडत गावोगाव फिरली. मेलेला सावकार मेलाच नव्हता म्हणे, विहिरीतून कसाबसा निघाला. तो गडी करणारा नट दुसऱ्या कंपनीत गेला होता, पैशांवरून काहीतरी झालं असावं. त्याच्या जागी नवीन पोरगा. मालकानं मामाची ती पेन्सिलची चोपडी त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, हेच बोलायचं. पोरगा बिचारा इमानदार. शब्द न् शब्द बोलला. इथं थांबतो, थांबला. खाजवतो, खाजवलं. मी आईच्या शालीत बसून पाहत होतो. आमच्या मागून एकजण मोठ्यांदा म्हणाला, ‘‘हा बैल तर मागच्या सालीच हरला ना बे!’’ तेवढाच काय तो हशा. दोन वाजता लोक चटया गुंडाळून उठले.

सकाळी मामा बांधीच्या पाळीवर दात घासत बसला होता. मी विचारलं, मामा, काऊन पडलं नाटक? तो बराच वेळ काडी चावत राहिला. मग म्हणाला, ‘‘बापू, चोपडीत त्याचे शब्द होते, तो नव्हता.’’

2019 चा नववा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती शाल आठवली. 1983 मध्ये खोल भुयारात फेकून मारलेला म्हातारा सम्राट, त्या राक्षसाचा मालक, परत आलेला. कसा आला, याचं उत्तर एक वैमानिक एका वाक्यात देतो आणि ते उत्तर म्हणजे, कसा कोण जाणे, आला. विहिरीतून निघालेला आमचा सावकार बरा, त्याला निदान दोर तरी होता.

यात दोष हातांचा नाही. नव्या तीन सिनेमांनाही हात भरपूर लागले, आणि चांगले लागले. ऑक्टोबर 2012 मध्ये डिस्नेनं लुकसची कंपनी 405 कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. पुढच्या गोष्टीचे आराखडे लुकसनं सोबत दिले होते, ते बहुतेक बाजूलाच पडले. 2015 चा सिनेमा जे. जे. अब्राम्सनं केला. त्याच्या शेवटी ती पोरगी, रे, डोंगर चढून ल्यूकसमोर, म्हणजे पहिल्या सिनेमातल्या आता म्हाताऱ्या झालेल्या त्या पोरासमोर, त्याची जुनी तलवार धरते. दोन वर्षांनी रायन जॉन्सननं पुढचा केला, आणि त्यात ल्यूक ती तलवार घेतो आणि खांद्यावरून मागं भिरकावून देतो. एकानं मांडव घातला, दुसऱ्यानं वरात परत पाठवली. तिसऱ्या भागाचा ठरलेला दिग्दर्शक मध्येच बाहेर पडला आणि अब्राम्स पुन्हा मांडव घालायला आला. मला विचाराल तर तिन्हींत जॉन्सनचाच सिनेमा मला आवडतो, आणि त्यावरून मी शिव्या खायला तयार आहे. पण तिन्ही मिळून एक रात्र झाली नाही. प्रत्येक अंकाला प्रॉम्प्टर वेगळा आणि चोपडीही वेगळी.

आता मुलीची बाजू. ती हे सगळं ऐकून घेणारी नाही. तिचं म्हणणं असं की तुमच्या त्या पहिल्या सिनेमात बोलणारी बाई म्हणाल तर राजकन्या, आणि दुसरी भाजी करणारी काकू, ती पण लवकर जळून मरते. रे मात्र वाळवंटात एकटी राहते, पडलेल्या यानांतून भंगार वेचते, त्यावर पोट भरते. ‘‘आपल्या इकडच्या वेचनाऱ्या बायाईसारखी,’’ ती म्हणाली. मी गप्प. आमच्याकडे वेचणीला येणाऱ्या बायांबरोबर ती शनिवार-रविवारी ओटी बांधून जाते, तिला कापसाचं बोंड बोटाला कसं कातरतं ते माहीत आहे. तो सिनेमा तिचा आहे. माझ्या मताला तिथं भाव नाही.

पण तिचीही तक्रार होतीच, आणि ती मला सुचली नसती. नव्या तिन्हींतल्या दुसऱ्या सिनेमात सांगतात की रे कोणाचीच कोणी नाही, आईबापांनी तिला दारूपायी विकून टाकलं. तिसऱ्यात कळतं की ती त्या सम्राटाची नात. पोरगी चिडली. ‘‘ती कोनाचीच नव्हती तेच बरं होतं. भंगारवाली होती तं भंगारवालीच राहू द्याची ना. राजाची नात काऊन केली?’’ आमच्या गावात कोणत्याही पोरीला रस्त्यात अडवून पहिला प्रश्न विचारतात, ‘कोनाची वं तू?’ ती रोज ते उत्तर देते. माझं नाव, आजाचं नाव, कोणत्या गल्लीतले. दोन-अडीच तासांचा एक सिनेमा असा मिळाला होता जिथं तो प्रश्न खोटा पडला, आणि पुढच्या भागानं तो परत आणून उभा केला. याहून नेमकी टीका मी त्या सिनेमावर वाचलेली नाही.

एक गोष्ट मी तिच्यापासून आठवडाभर लपवली. शेवटी सांगितली.

पहिले तीन खरे म्हणणाऱ्या या बापानं पहिला पाहिला तो त्यातला नव्हताच. मी पाहिला तो 1999 चा, ज्याला जुने भक्त आजही नावं ठेवतात. नागपूरच्या वसतिगृहात, एकाच्या कॉम्प्युटरवर, दोन सीडींवर. खोलीत अकरा जण. त्या तिन्ही मागच्या काळाच्या सिनेमांचं दिग्दर्शन लुकसनं स्वतः केलं, लिहिलेही जवळजवळ एकट्यानं, आणि आज पाहताना ते जाणवतं; त्याला ‘हे जमत नाही’ म्हणणारं कोणी खोलीत उरलं नव्हतं बहुतेक. संवाद लाकडी. पण त्यात ती शर्यत आहे. पुढं दोन इंजिनं, जोडीला जोड, त्यांना लांब तारांनी बांधलेली मागं एवढीशी गाडी आणि तिच्यात नऊ वर्षांचं पोर. खोलीतली शहरातली पोरं म्हणाली, वा, काय डोकं चालवलंय. आम्ही खेड्यातले चौघं एकमेकांकडे पाहून ओरडलो: ‘‘शंकरपट!’’ तोच प्रकार. जोडी पुढं, धुरकरी मागं, आणि सगळा जीव कासऱ्यात. त्या रात्री मी गुलाम झालो. जुने सिनेमे मी नंतर शोधून पाहिले, आणि ते चांगले आहेत हेही नंतर कळलं.

म्हणजे ज्याला मी फरदड म्हणून हिणवतो, मी त्याच फरदडीचा प्रेक्षक. ती आली नसती तर मूळ झाड मला दिसलंच नसतं.

मुलगी इतकी हसली की आजी आतून विचारायला आली, काय झालं.

तिला मी अजून एक सिनेमा दाखवला, तिच्या नऊत न बसणारा. 2016 चा ‘रोग वन’. 1977 च्या सिनेमात सुरुवातीला जी पिवळी अक्षरं वर सरकत जातात, त्यात एका ओळीत येतं की बंडखोरांच्या हेरांनी किल्ल्याचे नकाशे चोरले. बस. कोण हेर, कसे चोरले, वाचले का मेले, काही नाही. जवळपास चाळीस वर्षं ती ओळ तशीच पडून होती. तिच्यावर सिनेमा काढा असं सुचवलं जॉन नोलनं, जो दिग्दर्शकही नव्हता आणि लेखकही नव्हता; दृश्य-करामती करणाऱ्या खात्यातला माणूस. त्यातले सगळे मरतात. नकाशा हातोहात पुढं जातो, देणारा एकेक पडत जातो. आणि त्या सिनेमातल्या एका हेराच्या आधीच्या आयुष्यावर टोनी गिलरॉयनं ‘अँडॉर’ ही मालिका केली, दोन हंगाम, चोवीस भाग. ती पाहताना मी दोन रात्री पंपावर जायचं विसरलो.

धान कापून झालं, भारे उचलले, की तिकडे आजोळी बाया सरवा वेचायला यायच्या. बांधीत पडलेल्या लोंब्या. मालक काही म्हणत नसे, उलट सरव्याला नाही म्हणणारा माणूस हलकट समजला जायचा. वाकून, एकेक लोंबी उचलत त्या बाया संध्याकाळपर्यंत सूपभर धान करायच्या. मामी त्यातलंच वेगळं कांडून ठेवायची आणि म्हणायची, याचा भात गोड लागतो. मला तो कधी वेगळा लागला नाही, पण मी तसं म्हणालो नाही.

‘‘हा तुमचा फरदडीत का सरव्यात?’’ मुलीनं विचारलं. मी म्हटलं, सरव्यात. तिनं वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले आणि एकेक सिनेमा वाटायला बसली. जॉन्सनचा तिनं मधल्या रेघेवर लिहिला. 1999 चा कुठं लिहायचा यावर आमचं भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

काल शेतात गेलो. नाल्याकडच्या दोन एकरांत पऱ्हाटी उभी आहे. शेंड्याला बोंडं आहेत, यंदा चांगलीच आहेत. शेजाऱ्यानं त्याच्याकडे पाणी सोडलंय; धुऱ्यावर उभं राहून म्हणाला, ‘‘भाऊ, विहीर भरून हाय तुमची, काऊन उपटता?’’ मी एक बोंड तोडून फोडलं. पांढरं, ओलं, स्वच्छ. दुसरं फोडलं, तेही स्वच्छ. तिसरं फोडायला हात झाला नाही, ते तसंच खिशात टाकलं.

मुलगी चिमटा घेऊन पुढच्या तासात होती. चिमट्याचा जबडा बुडाशी बसवायचा, पाय द्यायचा, मागं झुकायचं. तिचं वजन पुरत नाही, म्हणून ती दर झाडाला लोंबकळते. दहा-बारा उपटून झाल्यावर तिनं घाम पुसला आणि विचारलं, ‘‘बाबा, अजून एक नवीन येऊन राहिला म्हणते. मोठ्या पडद्यावर. नागपूरले नेसान?’’

‘‘पऱ्हाटी उपटून होऊ दे,’’ मी म्हटलं.

‘‘पूर्ण दोन एकर?’’

‘‘पूर्ण दोन एकर.’’

तिनं चिमटा पुन्हा लावला.